बदामावरचा वळसा

“माझ्या हातची खूण मला ओळखता येत नाही होय? एक्केचाळीस वर्षं काय गवत उपटत होते मी इथे?”

“काकू, हळू. पुढे गिऱ्हाईक आहे.”

“असू दे. ऐकू दे त्यालाही. पोरीने हे चॉकलेट चुकीच्या ताटात टाकलेलं नाही. वर रेघ आहे आणि आत बदाम निघालाय. रेघ मलईची असते. म्हणजे खूणच चुकली. आणि या दुकानात खुणा कोण करतं? मी. दुसरं उरलंय कोण मेलं इथे?”

सुरीने मधोमध कापलेलं ते चॉकलेट धाकट्या मालकांनी दोन बोटांत उचललं, शेगडीवरच्या भांड्यापाशी गेले आणि वितळलेल्या चॉकलेटात अलगद सोडून दिलं. दोन्ही अर्धुकं बुडेपर्यंत उलथन्याने ढवळलं.

“कुठलं चॉकलेट, काकू?”

फडकं घेऊन तिने ते अख्खं भांडं शेगडीवरून उतरवलं आणि मागच्या मोरीपाशी नेऊन कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं. त्यात आता बदाम गेला होता. ते मलईच्या चॉकलेटांना चालणार नव्हतं. एवढं सगळं डोळ्यांदेखत झालं, तरी हात आपलं काम विसरले नाहीत. तिची सगळी गोष्ट ही अशी आहे.

दुकानात तिला फरशीवाली म्हणतात. नाव विचारलं तर पुढच्या काउंटरवरच्यांनाही आठवावं लागेल. मागच्या खोलीत भिंतीला लागून संगमरवराची एक फरशी आहे, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. सतरा वर्षांची असताना ती त्या फरशीपुढे उभी राहिली, ती अजून उभीच आहे. फरशीच्या कडेला जिथे तिचं पोट टेकतं, तिथला दगड बाकीच्यापेक्षा गुळगुळीत झालाय.

दुकान थोरल्या मालकांनी काढलं. तळघरात दगडी जातं बसवलं, वर दुकान, मागे कामाची खोली. कोकोच्या बिया भाजायच्या, पाखडायच्या आणि जात्यात घालायच्या. ते जातं तीन दिवस आणि तीन रात्री अखंड फिरायचं. वरच्या मजल्यांवर राहणारे भाडेकरू पहिल्या वर्षी भांडायला यायचे, की कपाटातले कप हलतात, झोप लागत नाही. पुढे अशी सवय झाली, की एकदा पट्टा तुटून जातं बंद पडलं, तर तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी काय झालं म्हणून घाबरीघुबरी खाली आली.

बाई कामाला ठेवायची थोरल्या मालकांची रीत वेगळीच होती. शिक्षण विचारायचे नाहीत, घरचं विचारायचे नाहीत. हात पुढे कर म्हणायचे, तो आपल्या हातात धरायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एक मिनिट गप्प उभे राहायचे. हात गरम असला की, “बाई, तू पाव भाजायच्या दुकानात जा,” म्हणून वाटेला लावायचे. चॉकलेटला गरम हात चालत नाही, बोटाखाली वितळतं. फरशीवालीचा हात धरला तेव्हा ते अर्ध्या मिनिटातच म्हणाले, “ही जिवंत आहे ना रे?” आणि ती कामाला लागली.

ती सांगते, नवऱ्याला मात्र त्या हातांचा भारी तिटकारा. छापखान्यात कामाला होता, दिवसभर वितळलेल्या शिशाच्या उबेत. रात्री कुशीवर वळला की म्हणायचा, “मुडद्याचे हात आहेत तुझे, लांब ठेव.” शेवटच्या तापात मात्र तेच हात कपाळावर ठेव म्हणाला. तिने ठेवले. तरी गेला.

काम सांगायला सोपं आहे. वितळलेलं चॉकलेट फरशीवर ओतायचं, रुंद पात्याने पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. पुरेसं निवलं की नाही हे बघायला थोरल्यांनी कधी तापमापक आणू दिला नाही. बोटावर थेंब घ्यायचा आणि खालच्या ओठाला लावायचा. ओठाला गार लागलं पाहिजे, पण शहारा येता कामा नये. घाई केली तर दुसऱ्या दिवशी चॉकलेटावर राखेसारखी पांढरी झाक येते, आणि गिऱ्हाईक बुरशी आली म्हणून परत आणून आपटतं. मग आतला गाभा, मलईचा, बदामाचा, संत्र्याच्या सालीचा, कॉफीचा, तीन बोटांनी त्यात बुडवायचा, वर काढायचा आणि ताटात ठेवायचा. ठेवताना बोटाला चॉकलेटची एक तार लोंबते. ती तार अंगठ्याने वर सोडायची, तीच खूण. मलईवर सरळ रेघ. कॉफीवर फुली. संत्र्यावर दोन ठिपके. बदामावर वळसा, म्हणजे अंगठा एकदा गोल फिरवून परत आणायचा.

खोक्यात चिठ्ठी नाही, कागदावर नाव नाही. थोरले म्हणायचे, चिठ्ठी औषधाच्या बाटलीला लावतात. जुनी गिऱ्हाइकं खुणा पाठ असल्यासारखी मागायची, “सहा फुल्या द्या, चार वळसे द्या.” मलई सकाळी धुतलेल्या फरशीवर पहिली, बदाम सगळ्यांत शेवटी दुपारी, आणि मग फरशीवर उकळतं पाणी. हा नेमही थोरल्यांचाच.

फरशीपुढे तेव्हा सात बाया होत्या. खांद्याला खांदा लागायचा. एकीने शिंकलं की सहा जणी तिला बाहेर हाकलायच्या, कारण पाण्याचा एक थेंब पडला तरी भांडंभर चॉकलेट ओल्या वाळूसारखं घट्ट होऊन बसतं. नवी पोर खुणेकडे बघत बसली की थोरल्या बाया तिला टोमणे मारायच्या. “बघतेस काय? पळून जाणारेय का ते?” डोळे पुढच्या गाभ्यावर, खूण हात करणार. न बघता करता येईल तेव्हा बाई तयार झाली असं धरत. फरशीवाली चौथ्या महिन्यात तयार झाली. सगळ्यांत कमी दिवसांत. हे ती अजून सांगते, आणि सांगताना हनुवटी जरा वर जाते.

थोरल्यांच्या मुलाने, मधल्या मालकांनी, चॉकलेट बुडवायचं यंत्र आणलं. यंत्राने खुणा केल्या, सगळ्या एकसारख्या, शाळेतल्या पोरांच्या गणवेशासारख्या. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. वर्षभरात यंत्र विकलं आणि मधले मालक सात बायांपुढे येऊन म्हणाले, “तुमच्या हाताला पर्याय नाही.” बायांनी तेवढ्यापुरतं तोंडावर फडकं धरून हसून घेतलं. पण पर्याय मिळाला नाही तशा नव्या बायाही मिळाल्या नाहीत. थंडीत दहा-दहा तास उभं राहायला कोण येतंय? एकीचे गुडघे गेले, एकीला मुलाने नेलं, दोघी वारल्या. दोन वर्षांपूर्वी सहावी गेली आणि फरशीपुढे ही एकटी उरली.

धाकटे मालक आले तेव्हा त्यांनी भिंतीवर त्या सात जणींच्या हातांचा मोठा फोटो लावला आणि खोक्याच्या झाकणावर छापलं, ‘प्रत्येक खूण हाताची.’ लोक लांबून यायला लागले. काचेतून मागच्या खोलीत बघायचे. फरशीवाली म्हणायची, “माकड बघायला येतात तसे.” पण बघणारे असले की पाठ ताठ करायची.

काउंटरवर तिची भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी हिनेच आणून उभी केली. पोरीचे हात गरम होते, म्हणून पुढे. घरात आई, तिचं कंबरेचं हाड मोडलेलं. सगळं त्या पोरीवर. संध्याकाळी जे उरायचं ते सगळ्या प्रकारांचं एका मोठ्या ताटात यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाची ते खुणा बघून आपापल्या ताटात लावायची. रेघ रेघेत, वळसा वळशात. नऊ वर्षांत एकही इकडचं तिकडे नाही.

सहा महिन्यांपूर्वी फरशीवालीचा उजवा अंगठा अडकायला लागला. सकाळी काही नाही. दुपारी चार-साडेचार झाले, शेवटचं बदामाचं ताट लागलं, की सांध्यातून कट् असा आवाज यायचा आणि अंगठा आहे तिथेच राहायचा. डाव्या हाताने ओढला की सुटायचा. अडकलेल्या अंगठ्याने वळसा होत नाही. तार सरळ खाली पडते. म्हणजे रेघ. कळलं की ती खरवडून पुन्हा करायची. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, घरी बसायचं? घरात होतं काय? एक खिडकी आणि समोरच्या इमारतीची भिंत.

कळलं की खरवडायची. पण कळायचं तेव्हाच, जेव्हा आवाज व्हायचा. कधी कधी अंगठा आवाज न करताच अर्धवट फिरायचा. आणि खुणेकडे बघायची तर सवयच नव्हती. बघायचं ते नवख्यांनी.

शाळेतल्या एक निवृत्त बाई दर दुसऱ्या शनिवारी बारा रेघा न्यायच्या. तीस वर्षं. बदाम, अक्रोड असलं काही जिभेला लागलं तरी त्यांचा घसा सुजायचा, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या इथूनच न्यायच्या, या दुकानाचा नेम त्यांना माहीत होता. रोज जेवणानंतर एक. त्या शनिवारचं पाचवं चॉकलेट त्यांनी बुधवारी खाल्लं. शुक्रवारी दवाखान्यातच वारल्या.

त्यांची मुलगी उरलेलं खोकं घेऊन दुकानात आली. रडली नाही, ओरडली नाही. खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, “यातलं कुठलं होतं ते मला सांगा.” धाकटे मालक खोकं घेऊन मागे आले. सात उरली होती. एकेक कापलं. सहांत मलई. सातव्यात बदाम. वर रेघ.

फरशीवालीने ते बघितलं. तिची खरी रेघ टोकाला बारीक होते, कारण शेवटी ती बोट उचलते. ही रेघ शेवटपर्यंत जाड होती. अडकलेल्या अंगठ्याची होती. ती तसं बोलली, आणि सातवं चॉकलेट भांड्यात गेलं.

धाकट्या मालकांनी बाहेर जाऊन त्या मुलीला सांगितलं की काउंटरवर ताटं लावताना चूक झाली, आणि लावणाऱ्या पोरीला काढून टाकलंय. मग भाचीला काढलं. पुढे अन्नाची तपासणी करणाऱ्या मंडळात तक्रार गेली, खटला भरायची भाषा झाली, आणि तपासनीस साहेब येणार असं कळलं. ते ज्याच्यावर ठपका ठेवतील, त्याच्यावर खटला.

फरशीवाली बहिणीकडे गेली. बहीण खाटेवर पडल्या पडल्याच बोलली.

“आलीस? बघायला आलीस पोर तुरुंगात कशी जाते ते?”

“मी साहेबांना खरं सांगणारेय.”

“मालकाला सांगितलंस तेव्हा काय झालं?”

“त्याने पुरावा वितळवला.”

“मग साहेब काय तुझं तोंड बघून लिहिणारेत? ताई, तुझ्या त्या अंगठ्याचं दुखणं सहा महिने लपवलंस. तेव्हा माझी पोर दिसली नाही तुला?”

भाची चुलीशी उभी होती. ती म्हणाली, “आई, गप्प बस. मावशी सांगतेय ना, सांगू दे.” आणि मावशीपुढे कप ठेवला. त्या कपाला हात लावायचं फरशीवालीच्या जिवावर आलं.

तपासनीस साहेब सकाळी दहाला आले. मध्यम वयाचे, बारीक आवाजाचे, काखेत वही. भाचीलाही बोलावलं होतं. ती दाराशी उभी राहिली, पाहुण्यासारखी. साहेबांनी तळघर बघितलं, फरशी बघितली, कोण काय करतं ते लिहून घेतलं. मग फरशीवाली पुढे झाली आणि तिने सगळं सांगितलं. अंगठा, कट् आवाज, सरळ पडणारी तार, सातवं चॉकलेट, भांडं. काही लपवलं नाही.

धाकटे मालक मान खाली घालून उभे राहिले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “साहेब, ती हिची सख्खी भाची आहे.”

“असं?” साहेब वहीतून वर बघून म्हणाले. “बाई, करून दाखवाल? बदामाचं.”

ताट आलं. अठ्ठेचाळीस गाभे. तिने चॉकलेट ओठाला लावून बघितलं आणि सुरू केलं. एक. दोन. पाच. हात रात्रभर विसावलेला, सकाळचा. अंगठा तेल घातल्यासारखा फिरत होता. बाराव्याला तिने मनाशी ठरवलं, की हा सरळ सोडायचा. अंगठा गोल फिरला. विसाव्याला पुन्हा ठरवलं. फिरला. काचेपलीकडे चार गिऱ्हाइकं थांबून बघत होती, साहेब वाकून बघत होते, आणि तिची पाठ आपोआप ताठ झालेली होती. अठ्ठेचाळीस वळसे पडले. एकापेक्षा एक देखणे.

“असा हात मी बघितला नाही,” साहेब म्हणाले. एक उचलून त्यांनी तोंडात टाकलं.

“साहेब, दुपारी या. चार वाजता या. तेव्हा अडकतो. मी खोटं बोलत नाही.”

“दुपारी मला एक बेकरी आणि दोन खाणावळी आहेत, बाई.” त्यांनी बोटं पुसली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट मायाच होती, तेच वाईट. “भाचीसाठी चाललंय तुमचं, समजतं मला. आपल्या माणसासाठी कुणीही करेल. पण मी लिहायचं काय? अंगठा खराब आहे म्हणून? हे बघून?”

“डॉक्टरला दाखवा माझा हात.”

“कुठल्या डॉक्टरला कधी दाखवलात? कागद आहे?”

कागद नव्हता. डॉक्टरकडे गेली असती तर मालकाला कळलं असतं. सहा महिने तिने तेवढंच सांभाळलं होतं, आणि ते चांगलं सांभाळलं होतं.

साहेबांनी वहीत चार ओळी लिहिल्या, खाली धाकट्या मालकांची सही घेतली. भाचीला म्हणाले, “तुम्हाला पत्र येईल.” आणि गेले. धाकटे मालक त्यांना पोचवायला पुढे गेले.

मागच्या खोलीत दोघीच उरल्या. भाची फरशीपाशी आली. ताटातल्या वळशांकडे बघत राहिली. नऊ वर्षं ती हेच बघून ताटं लावत आली होती.

“मावशी, एक तरी चुकवायचं होतंस.”

“हात ऐकेना गं.”

“हात ऐकेना, की तू?”

फरशीवाली काय सांगणार? बाराव्याला ठरवलं होतं हे खरं. विसाव्याला ठरवलं होतं हेही खरं. आणि साहेब वाकले तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं होतं, हेही. तेवढं एक तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, मला सांगितलं तेही पुढे खूप दिवसांनी, आणि सांगून झाल्यावर, “लिहायचं तर लिही, मला काय करायचंय,” म्हणाली.

भाचीने खुंटीवरून आपला जुना एप्रन काढला, घडी घातली, पिशवीत टाकला. “आईला सांगते, तू सांगितलंस म्हणून,” म्हणाली. “तू सांगितलंस, एवढं खरं आहे.” आणि मागच्या दाराने गेली. पुढच्या दाराने जायची आता तिला सोय नव्हती.

धाकटे मालक दारात आले. आत आले नाहीत.

“काकू, मलईची दोन ताटं लागतील. उद्या शनिवार आहे.”

“आज बदाम आधी झालाय,” ती म्हणाली. “फरशी धुवावी लागेल.”

“मग धुवा.”

“तुझ्या आज्याने तुला फरशीला हात लावू दिला असता का रे? माणूस मारून वर पोरीचा गळा आवळलास.”

“आणि तुम्ही?” ते म्हणाले. तेवढंच. आणि पुढे निघून गेले.

तिने मोठं पातेलं उकळत ठेवलं. बदामाचं ताट उचलून गार खोलीत नेलं आणि जाताना, एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा, एकेक खूण वाकून बघितली. सगळे वळसेच होते. परत येऊन फरशीवर पाणी ओतलं, दोनदा, वाफेने डोळे मिटून घेत. कोरड्या फडक्याने कडेपासून मधोमध पुसत आणली, एक थेंब राहू दिला नाही. फरशी निवायला वेळ लागतो. तोवर ती हात पोटाशी धरून उभी राहिली. मग मलईचं भांडं उतरवलं, चॉकलेट ओतलं, पातं घेतलं आणि पसरायला लागली.